रेल्वेशी वाद झाला, तर कोणती पायरी चढावी?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले आहेत. सल्ला चांगला आहे. तरीही माणसावर कधी कधी अशी वेळ येते की पायरी चढल्यावाचून गत्यंतर नसते. अशा वेळी कोणती पायरी चढायची, हेच ठाऊक नसेल तर शहाणा माणूसही वर्षभर नुसता जिने चढत-उतरत राहतो. या अंकात आम्ही त्याच विषयावर चार गोष्टी सोप्या भाषेत मांडणार आहोत. रेल्वेशी वाद झाला तर तो कोणत्या न्यायालयात चालतो आणि तिथला निर्णय मान्य नसेल तर पुढे कुठे जाता येते, हा तो विषय.

हाच विषय का घेतला, असे कोणी विचारील. आपल्या बऱ्हाणपूरचे रेल्वेशी नाते जुने आहे. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता जबलपूरमार्गे लोहमार्गाने जोडले गेले, तो मार्ग आपल्या गावाजवळूनच गेला. आपण राहतो मध्य प्रदेशात, पण लालबागचे आपले स्टेशन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. आपली मुले शिकायला भुसावळ, जळगाव, पुण्याला जातात, माहेर-सासर सीमेच्या दोन्ही बाजूंना असते. आपली केळीही रेल्वेने गेली आहेत. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला देशातील पहिली किसान रेल्वे निघाली, तिच्या थांब्यांत बऱ्हाणपूर होते. ज्याच्याशी रोजचा संबंध, त्याच्याशी कधी तरी वाद होणारच. आणि आपण सीमेवर राहत असल्यामुळे 'भोपाळला जायचे की मुंबईला' हा प्रश्न इतरांपेक्षा आपल्याला जास्त पडतो.

दोन शब्द आधी समजून घेऊ

पहिला शब्द अधिकारक्षेत्र. एखादे प्रकरण ऐकण्याचा व त्यावर निर्णय देण्याचा न्यायालयाचा कायदेशीर अधिकार म्हणजे अधिकारक्षेत्र. दुसरा शब्द अपील. खालच्या न्यायालयाचा निर्णय चुकीचा वाटल्यास वरच्या न्यायालयाने तो तपासावा, अशी मागणी म्हणजे अपील.

शाळेतले उदाहरण घ्या. वर्गातल्या चाचणीत गुण कमी मिळाले तर विद्यार्थी वर्गशिक्षकांकडे जातो, तिथे समाधान झाले नाही तर आमच्याकडे येतो. पण दहावीच्या बोर्डाच्या गुणांबद्दल तक्रार असेल तर आम्ही प्राचार्य असूनही एक गुण इकडचा तिकडे करू शकत नाही. त्यासाठी भोपाळच्या मंडळाकडे, ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो. मुदत गेली की खरी तक्रारही अडकून पडते. न्यायालयाचेही तसेच आहे. दार, मुदत आणि त्यावरची पायरी, या तीन गोष्टी कायद्याने आधीच ठरवलेल्या असतात.

रेल्वेसाठी वेगळे न्यायाधिकरण

पूर्वी रेल्वेत माल हरवला की व्यापारी दिवाणी न्यायालयात दावा लावत असे. तिथे खटल्यांचा ढीग असल्याने निकालास फार काळ लागे. म्हणून संसदेने १९८७ साली रेल्वे दावा न्यायाधिकरण कायदा केला आणि ८ नोव्हेंबर १९८९ पासून हे न्यायाधिकरण काम करू लागले. आपल्या राज्यात त्याच्या फलकावर हिंदीत 'रेल दावा अधिकरण' असे लिहिलेले असते. त्याच्या खंडपीठात एक न्यायिक सदस्य आणि एक तांत्रिक सदस्य असतो. मध्य प्रदेशात भोपाळला खंडपीठ आहे, तर महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर येथे.

या न्यायाधिकरणापुढे मुख्यतः तीन प्रकारचे दावे चालतात. रेल्वेकडे सोपवलेला माल हरवला, नासला, खराब झाला किंवा पोहोचलाच नाही, हा पहिला. रेल्वे अपघातात किंवा कायद्यात सांगितलेल्या 'अनुचित घटनेत' प्रवाशाचा मृत्यू अथवा इजा झाली, हा दुसरा. भाडे किंवा मालभाडे परत मिळावे, हा तिसरा. याच कायद्याचे कलम १५ सांगते की या बाबतीत इतर कोणत्याही न्यायालयाला अधिकार राहणार नाही. म्हणजे संसदेने दिवाणी न्यायालयाचे दार इथे बंद केले.

दिवाणी न्यायालयात जाऊन बसलेल्या माणसाचे काय होते? प्रकरण ऐकण्याचा अधिकारच नाही, असे सांगून न्यायालय त्याला योग्य जागी पाठवते. चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदतीतून वगळण्याची तरतूद मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे खरी. पण तो प्रामाणिकपणा सिद्ध करावा लागतो, आणि गेलेली वर्षे हाती परत येत नाहीत.

माणूस गेला तर

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा कर्ता पुरुष गर्दीच्या गाडीतून पडून गेला. घरच्यांनी आधी स्टेशन, मग ठाणे, मग एक कचेरी, मग दुसरी कचेरी असे हेलपाटे घातले. प्रत्येक ठिकाणी 'पुढच्या महिन्यात या' एवढेच उत्तर मिळाले. अशा दाव्याला मुदत असते, हे त्यांना कोणीच सांगितले नाही. मुदत होती घटनेपासून एक वर्षाची, आणि ती सरून गेली होती. सुदैवाने, विलंबाला पुरेसे कारण दाखवल्यास न्यायाधिकरण उशिरा आलेला अर्जही स्वीकारू शकते. पण आधी तो उशीर माफ करून घेण्यासाठीच झगडावे लागते. ज्या घरात चूल पेटण्याची पंचाईत, त्या घराला हा दुसरा झगडा परवडत नाही.

रेल्वे कायदा १९८९ मधील कलम १२४-अ हे १९९४ पासून लागू आहे. चालत्या प्रवासी गाडीतून प्रवासी चुकून पडणे, गाडीत किंवा स्टेशनात दरोडा, दंगल, अतिरेकी हल्ला होणे, या 'अनुचित घटना' होत. त्यात रेल्वेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा वा वेडाच्या भरात केलेली कृती, आणि नैसर्गिक कारण अथवा आजार, एवढ्या अपवादांत मात्र भरपाई मिळत नाही. मृत्यूसाठी भरपाईची रक्कम पूर्वी ४ लाख रुपये होती, १ जानेवारी २०१७ पासून ती ८ लाख रुपये झाली.

मृताच्या खिशात तिकीट सापडले नाही म्हणून पुष्कळ कुटुंबे आशा सोडतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ तिकीट न सापडल्याने माणूस विनातिकीट ठरत नाही. कुटुंबाने प्रवासाची हकिकत शपथपत्रावर द्यावी, त्यानंतर ती खोटी असल्याचे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. गाडीत चढता-उतरता पडणे हेही अनुचित घटनेतच येते, असे त्याच निकालात म्हटले आहे.

मुलांनो, याचा अर्थ दारात लटकून प्रवास करावा असा कोणी काढू नये. आठ लाखांनी कोणाचे वडील परत येत नाहीत. तसेच रूळ ओलांडताना गाडीखाली सापडलेल्या माणसाला हे कलम लागत नाही, कारण तो गाडीतून पडलेला प्रवासी नसतो. त्याच्या घरच्यांना रेल्वेचा निष्काळजीपणा दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो.

केळीचा डबा नासला तर

मालाच्या दाव्यात आपल्याकडील शेतकरी व व्यापाऱ्यांनी दोन मुदती पाठ कराव्यात. माल रेल्वेच्या ताब्यात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत रेल्वेला लेखी नोटीस द्यावी लागते. न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला त्याच दिवसापासून तीन वर्षे असतात. तीन वर्षे आहेत म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस सहा महिन्यांच्या नोटिशीत अडकतो.

डबा उघडताना माल खराब दिसला किंवा छेडछाड झाल्याची खूण दिसली, तर घाईने माल उचलून नेऊ नये. कलम ८१ प्रमाणे सर्वांसमक्ष उघडून, तपासून माल मागण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. तसे केले की नुकसानीचा कागद तयार होतो. बिल्टी, तो कागद आणि नोटिशीची पोच हे तीन पुरावे जपून ठेवावेत. न्यायाधिकरण तोंडी हळहळ ऐकत नाही, कागद पाहते.

भोपाळ की मुंबई?

आता आपल्या सीमेवरच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, बऱ्हाणपूरहून तिकीट काढून कल्याणला निघालेल्या प्रवाशाला जळगावच्या पुढे अपघात झाला. तिकीट मध्य प्रदेशात काढले, घटना महाराष्ट्रात घडली आणि उतरायचे होते तेही महाराष्ट्रात. अर्ज कुठे करावा? तिकीट काढलेले ठिकाण, घटनेचे ठिकाण आणि उतरायचे ठिकाण, या तिन्हींचा विचार कायद्यात आहे. त्यामुळे अशा कुटुंबापुढे एकाहून अधिक खंडपीठांचा पर्याय असू शकतो. अर्ज करण्यापूर्वी खंडपीठाच्या कार्यालयात किंवा वकिलाकडे हद्दीची खात्री करून घ्यावी.

ही निवड साधी नाही, कारण पुढचे अपीलही त्यावरच ठरते. कायद्याच्या कलम २३ प्रमाणे न्यायाधिकरणाच्या निर्णयावर अपील उच्च न्यायालयात जाते. पण कोणत्या उच्च न्यायालयात? अर्जदार कुठे राहतो हे तिथे पाहत नाहीत, खंडपीठ जिथे बसते त्या जागेवर ज्याची हद्द आहे, त्या उच्च न्यायालयात अपील करावे लागते. भोपाळच्या खंडपीठाने निर्णय दिला तर अपील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे, ज्याचे मुख्य पीठ जबलपूरला आहे. मुंबई किंवा नागपूरच्या खंडपीठाने दिला तर मुंबई उच्च न्यायालयाकडे. म्हणजे अर्जावर पहिली सही करताना आपण शेवटच्या पेशीचे गावही निवडत असतो. वकिलाची फी, जाण्यायेण्याचा खर्च, कागद कोणत्या भाषेत आहेत, घरात बरोबर जाणारे कोण आहे, हे सारे तेव्हाच पाहावे.

अपिलाची मुदत निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांची आहे. दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या आदेशावर अपील चालत नाही, म्हणून तडजोडीच्या कागदावर सही करताना तो नीट वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर तर सही करूच नये, मग सांगणारा कितीही ओळखीचा असो.

अपिलाने खरेच काही होते का? केरळमधील एक प्रकरण पाहा. गाडीत चढताना पडून एक स्त्री मरण पावली. ती अजून गाडीच्या आत पोहोचली नव्हती, म्हणून न्यायाधिकरणाने दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवून भरपाई दिली. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली, पण २००८ साली तिथेही कुटुंबाचेच म्हणणे टिकले. पहिल्या पायरीवर थांबले असते तर त्या घराला काहीच मिळाले नसते. पुढे देशभरातल्या कुटुंबांना त्या निकालाचा आधार मिळाला.

इतर दारे

रेल्वेशी होणारा प्रत्येक वाद या न्यायाधिकरणाचा नसतो. सेवेत कसूर झाली, जसे की गाडीला कारणाशिवाय फार उशीर झाला, तर ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते आणि तिला दोन वर्षांची मुदत आहे. जिल्हा आयोगावर अपील राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत, तिथून पुढे राष्ट्रीय आयोग आणि सर्वोच्च न्यायालय असा क्रम आहे. गाडी चार तास उशिरा पोहोचल्याने एका प्रवाशाचे विमान चुकले. तो सर्व पायऱ्यांवर जिंकला आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्याची भरपाई कायम ठेवली. उलट, प्रवासात कमरेच्या पट्ट्यातील रोख रक्कम चोरीस गेलेला दुसरा प्रवासी खालच्या तिन्ही आयोगांत जिंकला, पण २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात हरला. स्वतःजवळचे सामान सांभाळणे ही प्रवाशाची जबाबदारी, असे तिथे ठरले. अपिलाचा जिना दोन्ही पक्षांसाठी सारखाच उघडा असतो.

आपल्या समाजात रेल्वेचे नोकरदार पुष्कळ आहेत. त्यांच्या बढती, निवृत्तिवेतन अशा प्रश्नांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ जबलपूरला आहे. त्याच्या निर्णयावर पूर्वी थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागे. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले की न्यायाधिकरणांचे निर्णय तपासण्याचा उच्च न्यायालयांचा घटनादत्त अधिकार काढून घेता येत नाही. तेव्हापासून कर्मचाऱ्याला आधी उच्च न्यायालयात दाद मागता येते. सामान्य माणसासाठी हा फार मोठा निर्णय होता, कारण दिल्ली दूर असते.

जमिनीचा प्रश्नही आहे. भुसावळ-खंडवा मार्गावर १३१ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. एखाद्या विशेष रेल्वे प्रकल्पासाठी रेल्वे कायद्याखाली जमीन घेतली गेली आणि ठरवलेला मोबदला मान्य नसेल, तर केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते. लवादाचा निवाडा जिल्हा न्यायालयात आव्हान देता येतो आणि तिथून पुढे उच्च न्यायालय. शेतकरी पालकांनी नोटिशीवर कोणत्या कायद्याचे नाव आहे, ते आधी वाचावे. त्या एका ओळीवर पुढचे दार ठरते.

दरांचा वाद आणि परदेशचा धडा

मालभाड्याचा दर अवाजवी आहे, किंवा रेल्वे एकाला झुकते माप देते, या तक्रारींसाठी १९४९ पासून रेल्वे दर न्यायाधिकरण होते. प्रवासी भाडे ठरवणे मात्र त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेले होते. २०१७ साली ते दावा न्यायाधिकरणात विलीन झाले.

अमेरिकेलाही हा प्रश्न पडला होता. तिथे १८८७ साली रेल्वे कंपन्यांवर लक्ष ठेवायला आयोग नेमला गेला. आयोगाच्या आदेशांवरील वाद ऐकण्यासाठी १९१० साली खास वाणिज्य न्यायालय स्थापन झाले. ते कंपन्यांच्या बाजूने झुकते, असा लोकांचा समज झाला. त्याच्या एका न्यायाधीशाला रेल्वे कंपन्यांशी गैरव्यवहार केल्यावरून पदावरून काढावे लागले आणि १९१३ साली ते न्यायालयच बंद झाले. खास न्यायालयाला विषयाची जाण असते, हा त्याचा गुण. पण त्यावर सर्वसाधारण न्यायालयाची नजर आणि लोकांचा विश्वास हवा. आपल्याकडे अपील उच्च न्यायालयात जाते, ते याचसाठी मोलाचे.

घरी लक्षात ठेवावे असे

पालकांना आमची विनंती आहे की पुढील मुदती एका कागदावर लिहून घरातल्या कपाटात ठेवाव्यात. अपघाताच्या दाव्याला १ वर्ष. मालाच्या नोटिशीला ६ महिने, दाव्याला ३ वर्षे. भाडे परताव्याच्या दाव्याला भाडे भरल्यापासून ३ वर्षे. ग्राहक तक्रारीला २ वर्षे. न्यायाधिकरणाच्या निर्णयावर अपिलाला ९० दिवस.

न्यायाधिकरणापुढे अर्जदाराला स्वतः उभे राहता येते, वकील लावलाच पाहिजे असे नाही. वकील हवा असेल आणि ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अट न घालता हा हक्क आहे. घरातला कमावता गेल्यावर मागे राहणाऱ्यांत बहुधा स्त्रिया आणि मुलेच असतात, म्हणून हे आवर्जून लिहिले.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना एक काम देतो. नागरिकशास्त्रात तुम्ही जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय अशी उतरंड पाठ करता. या सुट्टीत वहीच्या एका पानावर तिच्या शेजारी रेल्वे दावा न्यायाधिकरण, ग्राहक आयोग आणि प्रशासकीय न्यायाधिकरण यांचे जिने काढा, प्रत्येक पायरीवर मुदत लिहा आणि ते पान घरातल्या मोठ्यांना समजावून सांगा. शेजारच्या घरात कधी गरज पडली, तर तेवढे पान घेऊन त्यांच्याकडे जा. पहिल्या आठवड्यात मिळालेली बरोबर माहिती वर्षानंतर मिळालेल्या सहानुभूतीपेक्षा त्या घराच्या जास्त उपयोगी पडेल.